मागे बघणारा पडतो

९ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकीट न फोडताच फेकून द्यावंसं वाटलं, तर खुशाल फेक. फक्त आईसमोर नको. ती ते केराच्या टोपलीतून काढेल, पदराने पुसेल आणि तुझ्या उशाशी आणून ठेवेल.

इतक्या वर्षांनी लिहितेय ते भांडायला नाही आणि समेटालाही नाही. एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. ती दुसऱ्या कुणाकडून कळली, तर तू म्हणशील, ताईने मुद्दाम लपवलं.

सोमवारपासून इथल्या न्यायाधिकरणात बंदराचा खटला उभा राहतोय. तेव्हाचा प्रशासक आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. खाडीकाठची वस्ती उठवली आणि बंदराच्या फाटकासमोर धरणं धरून बसलेल्या माणसांना बसमध्ये घालून नेलं, त्याबद्दल. मी या खटल्यात दुभाषी आहे. तुमच्याकडे टीव्हीवर दाखवणार आहेत म्हणे. न्यायाधीशाचा प्रश्न आपल्या भाषेत ज्या बाईच्या आवाजात येईल, ती मी. आई टीव्ही मोठ्याने लावते, तेव्हा शेजाऱ्यांनाही मी ऐकू जाणार. दचकू नकोस.

कामाचं म्हणशील तर काचेची एक खोली, दोन खुर्च्या, दोन माइक. माझा जोडीदार दिवसभर पेपरमिंट चघळतो आणि कागदाचा आवाज होऊ नये म्हणून गोळ्या घरूनच सोलून आणतो. आमच्या भाषेला माणसं कमी, म्हणून त्यांचं आपल्या भाषेत आणि आपलं त्यांच्या भाषेत, दोन्ही बाजूंनी आम्हीच ओढायचं. बोलणारा जे बोलेल ते "मी" म्हणूनच सांगायचं, असा नियम आहे. "तो म्हणतो की" असं चालत नाही. त्यामुळे गेल्या वर्षभरात मी सेनापती झाले, शाळामास्तर झाले आणि एकदा तर दाढी उपटली गेलेला धर्मगुरूही. घरी आल्यावर स्वतःच्या तोंडाने "मला भूक लागलीय" म्हणताना क्षणभर चाचरायला होतं.

काम घेताना मी कागदावर लिहून दिलं: धाकटा भाऊ तेव्हा बंदराच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होता, त्या दिवशी तापाने घरी होता. ऑफिस म्हणालं, त्या भागातल्या अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतंच, हरकत नाही. ताप होता असं आई म्हणाली होती, तेच मी लिहिलं.

तू अजून गाडी चालवतोस का? उगाच विचारलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

खटल्याबद्दल मला यापुढे काही लिहिता येणार नाही, शपथ आहे. आईला सांग, आवाज थोडा बसलाय, बाकी मी ठीक आहे.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुझं नुकसान, माझंही, आणि आणखी एका बाईचं सगळ्यात जास्त. तरी लिहितेय, कारण हातांना काहीतरी उद्योग हवा. सकाळपासून चहा टाकते आणि ओतून देते. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "घरात मांजर कोंडलंय का?"

काल साक्षीला एक बाई आली. तिचं नाव बाहेर सांगायचं नाही. "व्यवसाय?" या प्रश्नाला ती म्हणाली, "शिवणकाम. शर्ट, गणवेश, पडदे. रफूही करते." तेव्हापासून मनात मी तिला शिंपीणबाई म्हणते. तुझ्यामाझ्या वयाची असेल. कानातला हेडफोन सारखा सरकत होता, तो एका हाताने धरून बोलत होती.

वकिलांनी आधी विकास बँकेचा अहवाल दाखवला. बंदराला कर्ज देणारी ती बँक. त्यात लिहिलंय, वस्तीतल्या कुटुंबांनी स्वेच्छेने स्थलांतर केलं. मी ते वाक्य आपल्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "स्वेच्छेने म्हणजे काय? परत सांगा." मी परत सांगितलं. ती म्हणाली, "घरावर बुलडोझर आला तेव्हा माझ्या शिलाई मशीनवर कापड लावलेलं होतं. स्वेच्छेने जाणारी बाई बाही अर्धवट सोडून जाते का?"

मग बसचं निघालं. कामगारांची पिवळी बस. खिडक्यांना आतून कागद लावलेले. पुढे जीप, बसमध्ये ड्रायव्हरशेजारी एक बंदूकवाला. तिचा नवरा पुढच्या बाकावर, ती आणि आणखी एक मुलगी अगदी मागे. रेल्वेच्या फाटकाशी जीप पुढे निघून गेली आणि फाटक पडलं. बस अडकली. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन तापलंय, पाणी घालतो. तो उतरला, बंदूकवालाही सिगारेट ओढायला उतरला. थोड्या वेळाने मागच्या दाराची बाहेरची कडी हळूच सरकली. दार वीतभर उघडलं. बाहेरून हळू आवाजात कुणीतरी बोललं.

"काय बोललं?" वकिलांनी विचारलं.

"म्हणाला, उतरताना पुढे बघा, मागे बघणारा पडतो."

धाकट्या, मी गप्प झाले. ठरवून नाही. तोंड उघडं, माइक चालू, आणि आवाज नाही. आपले बाबा शहराच्या बसवर कंडक्टर होते, प्रत्येक स्टॉपला हेच ओरडायचे. आपण दोघं पायरीवर बसून त्यांची नक्कल करायचो. मधले न्यायाधीश वर काचेकडे बघून म्हणाले, "भाषांतर ऐकू येत नाहीये." जोडीदाराने माझा माइक बंद केला, स्वतःचा चालू केला आणि ते वाक्य त्याने सांगितलं. बरोबर सांगितलं, पण त्यात बाबा नव्हते.

पुढचं मी नुसतं ऐकलं. ती आणि ती मुलगी उतरल्या. तिने वाकून नवऱ्याला खूण केली, तो उठायला लागला, तेवढ्यात बंदूकवाला परत आला. ड्रायव्हरने दार लावलं. फाटक उघडलं. बस गेली. ती रुळांकडेच्या झुडपात पडून राहिली. बसमधलं कुणीही नंतर कुणाला दिसलेलं नाही.

बचावाचे वकील उठले आणि शांतपणे म्हणाले, अशी बसच नव्हती. असेल तर तिचा ड्रायव्हर कुठे आहे?

मी तिथूनच मुख्य दुभाषीबाईंच्या खोलीत गेले. त्या कडक आहेत, पण माणूस म्हणून सरळ.

"तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे."

"तुम्ही तर लिहून दिलं होतं, तो आजारी होता."

"मला तसं सांगितलं होतं."

"एका वाक्यावरून ओळखलं? कुठलाही ड्रायव्हर म्हणेल ते."

"म्हणेल. पण आमच्या बाबांनी ते स्वतः जुळवलं होतं."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि फोन उचलला. संध्याकाळपर्यंत मी या खटल्यातून बाहेर होते. हातात लेखी हुकूम पडला: भावाशी फोनने, पत्राने, तिसऱ्या माणसामार्फत, कसलाही संपर्क नाही. कारणही त्यांनी समजावून सांगितलं. उद्या तो आलाच, तर बचाव म्हणेल, बहिणीने पढवून आणला. मग त्याची साक्ष तर जाईलच, शिंपीणबाईची साक्षही पाण्यात.

म्हणजे तुला ये म्हणायचं असेल, तर ये म्हणायचं नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

त्या वेळी जेवताना मी विचारलं होतं, "त्या दिवशी बस कुणी नेली?" आई म्हणाली, "त्याला ताप होता, माहीत आहे ना तुला?" तू ताटावरून उठलास. मी त्याच आठवड्यात घर सोडलं. दहाएक वर्षं मी तुझ्यावर एका गोष्टीसाठी रागावले होते, तू काहीतरी लपवतोस म्हणून. आता दोन गोष्टी झाल्या. तू ते दार उघडलंस हे तू मला सांगितलं नाहीस. आणि दार लावून तू परत गाडी चालू केलीस.

पहिल्या गोष्टीने माझा ऊर भरून येतो. दुसरीने झोप उडते. दोन्ही एकाच माणसाने केल्या, हे डोक्यात बसत नाही.

२८ फेब्रुवारी

धाकट्या,

हेही खणातच जाणार.

मला आता दुसऱ्या सभागृहात टाकलंय. तिथे देशोदेशीचे लोक पिण्याच्या पाण्यावर बोलतात. "शाश्वत" हा शब्द मी एका दिवसात इतक्या वेळा उच्चारते की संध्याकाळी तो मला एखाद्या साबणाचं नाव वाटायला लागतो. काल एका प्रतिनिधीने पाण्याच्या हक्कावर भाषण केलं आणि समोरची बाटली न उघडताच निघून गेला. मी माइक बंद करून हसले. मग हसू थांबेचना. तिथला नवा जोडीदार म्हणाला, "घरी जा, तू बरी नाहीस."

बरी नाहीच मी. जिना चढताना मध्येच थांबते. फोन वाजेल म्हणून तो उशीखाली ठेवते. आणि काल तो खरंच वाजला.

तुझी बायको होती. लग्नानंतर तिने मला एकदाही फोन केला नव्हता.

"ताई, आम्ही टीव्हीवर ऐकलं."

"माझ्याशी बोलू नकोस. मला मनाई आहे."

"ते वाक्य ऐकलं आणि हे उठून मोरीत गेले. नळ सोडून बसले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे झोपेत ब्रेक दाबतात, ताई. पाय असा झाडतात. मी म्हणायचे, ड्रायव्हर माणूस, चालायचंच. आता विचारते, तर बोलत नाहीत. आई म्हणतात, त्याला ताप होता. कुणी न विचारताच म्हणतात. भाजी चिरता चिरता म्हणतात."

"मी फोन ठेवते."

"एकच सांगा. तिथे आलेल्या माणसाला परत जाऊ देतात का?"

मला उत्तर माहीत होतं: हो, साक्षीदाराला परत जाऊ देतात. तुझ्या मुलीच्या वयाच्या पोरीलाही समजेल इतकं सोपं उत्तर होतं. मी फोन ठेवला. म्हणजे आपटलाच. मग स्वतःच ऑफिसला जाऊन सांगितलं, असा असा फोन आला, मी काही बोलले नाही. त्यांनी ते टिपून घेतलं आणि म्हणाले, "ठीक केलंत." एवढं वाईट वाटायला लावणारी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

आणि आज शिंपीणबाई भेटली. मुद्दाम नाही. तळमजल्यावर कोट टांगायची जागा आहे. तिथे मी कोटाचा बिल्ला सापडेना म्हणून कोट देणाऱ्या माणसाशी हुज्जत घालत होते, तर मागून आवाज आला, "तुम्हीच का माझ्या कानातल्या बाई?"

मी वळले. उंचीने माझ्या खांद्याइतकी. कोर्टाने दिलेला गरम कोट तिला मोठा होत होता आणि बाह्या तिने आतून दुमडून टाचल्या होत्या.

"मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही," मी म्हणाले.

"मग तुम्ही नका बोलू. मी बोलते. तुम्ही त्या दिवशी का थांबलात ते मला कुणी सांगत नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं. चुकलं का?"

मी मान हलवली. नाही. एवढं तर चालत असेल.

ती म्हणाली, "सगळे मला विचारतात, त्या ड्रायव्हरबद्दल काय वाटतं. त्याने मला वाचवलं, असं म्हणायला लावतात. वाचवलं असेल. पण मला त्याचे पाय धरायचे नाहीत आणि त्याची मान पकडायची नाही. त्याला मला एकच विचारायचंय, गाडी कुठे नेलीस. तिकडे नव्या घराच्या दारावरही मी नवऱ्याचंच नाव लावलंय, अजून काढलेलं नाही. काढू का ठेवू, हे मला कोण सांगणार?"

बरोबरची सुरक्षारक्षक बाई आली आणि तिला घेऊन गेली. माझा बिल्ला माझ्याच खिशात होता.

कायद्याच्या शिकवणीत आम्हाला सांगितलं होतं, माणूस बेपत्ता करणं हा त्या दिवशी घडून संपलेला गुन्हा नसतो. तो माणूस कुठे आहे ते कळेपर्यंत गुन्हा चालूच असतो. तेव्हा मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज कोटांच्या रांगेत उभी राहून मला ते पहिल्यांदा कळलं. तू आजही ती बस चालवतोयस, धाकट्या. थांबव. देवाशपथ सांगते, थांबव. हे मला तुला सांगता येत नाही, म्हणून कागदाला सांगतेय.

१९ मार्च

धाकट्या,

तू आलास.

मला आदल्या दिवशी मुख्य बाईंनी बोलावून सांगितलं. "तुमच्या भावाने स्वतः फोन केला. म्हणजे बायकोने लावून हातात दिला. चेहरा लपवायचा नाही, आवाज बदलायचा नाही, असं म्हणतोय. आम्ही दोनदा समजावलं." मी विचारलं, मला बसता येईल का? त्या म्हणाल्या, प्रेक्षकांत बसा, काचेच्या अलीकडे. खुणाबिणा करायच्या नाहीत.

मी मागच्या रांगेत बसले. तू मला शोधत होतास ते दिसलं. नजर पुढच्या रांगांवरून फिरली आणि परत गेली. केस किती पांढरे झालेत तुझे. बाबांचा शर्ट घातला होतास ना? कॉलरवरून ओळखला. खुर्चीत बसल्यावर तुझा उजवा पाय खाली काहीतरी शोधत होता.

तुझ्या तोंडची आपली भाषा एका कानात, आणि हेडफोनमधून दुसऱ्या कानात माझ्या पेपरमिंटवाल्या जोडीदाराचा आवाज: "मी बस चालवत होतो." माझा भाऊ तो झाला होता. मला त्याचा राग आला, मग लाज वाटली, मग त्याने शब्द नीट उचललाय की नाही हे मी तपासायला लागले. खोड जात नाही.

तू जे सांगितलंस ते तुलाच परत काय लिहू? पण तिकडे बसून कसं ऐकू आलं, ते तुला माहीत नसणार.

वकिलांनी विचारलं, "दार उघडलंत ते धाडस होतं. मग पूर्ण का नाही उघडलं?"

तू म्हणालास, "पूर्ण उघडलं की ते दार कर्रकन वाजतं. सगळे वाचले असते किंवा मी मेलो असतो. मी वीतभर उघडलं. माझ्या जिवाला परवडेल एवढं."

बँकेचा निरीक्षक बसला होता, त्याने लिहिणं थांबवलं.

मग त्यांनी विचारलं, बस कुठे नेली. तू नकाशा मागितलास. त्यांनी पडद्यावर लावला, तो तुला समजेना. उत्तर दिशा वर असते ना त्यात, आणि तू रस्ता गाडीतून बघितलेला. तू म्हणालास, "कोरा कागद द्या." आणि स्वतःच काढलास. फाटक, मग चढ, मग खडीची बंद खाण, आणि तिच्या तळाशी पत्र्याची शेड. "इथे उतरवलं. मला म्हणाले, गाडी वळव आणि जा. मी वळवली. आरशात बघितलं नाही. आवाज ऐकला."

शिंपीणबाई माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसली होती. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ सरळच राहिली.

बचावाचे वकील उठले. पहिला प्रश्न अगदी अपेक्षेप्रमाणे.

"तुमची बहीण या न्यायाधिकरणात नोकरीला आहे. तिने तुम्हाला बोलावलं, खरं ना?"

"नाही."

"मग कुणी?"

"बायकोने. ती म्हणाली, एक तर तिकडे जाऊन बोला, नाहीतर मी पोरीला घेऊन जाते."

"आणि बहिणीने काय सांगितलं?"

"बहिणीने बायकोच्या तोंडावर फोन आपटला. त्यावरून आमच्याकडे जे महाभारत झालं, ते साहेब तुम्ही ऐकायला हवं होतं."

लोक हसले. न्यायाधीशही. ते "महाभारत" जोडीदाराने "मोठं भांडण" असं सांगितलं आणि मी मनातल्या मनात त्याचे गुण कापले.

वकील पुढे म्हणाले, तुमच्या आईने तेव्हा पोलिसांना सांगितलं की तुम्हाला ताप होता. खोटं कोण बोलतंय? तुम्ही की आई?

तू बराच वेळ पाणी पीत राहिलास. मग म्हणालास, "ताप होता. परत आल्यावर आला. आठवडाभर होता. आईने फक्त दिवस मागे ढकलला. तिला काही करू नका. तिने मला वाचवलं आणि मी ते होऊ दिलं."

तुला बाजूच्या दाराने नेलं. भेटू देत नाहीत, साक्ष संपल्यावरही काही दिवस नाही. मी बाहेर आले आणि चालत सुटले. ट्रामचा थांबा मागे गेला, नदी आली, पूल आला. पुलावर एका अनोळखी बाईने विचारलं, "तुम्ही ठीक आहात का?" मी म्हणाले, "माझा भाऊ बोलला." ती म्हणाली, "छान." आणि निघून गेली.

६ नोव्हेंबर

धाकट्या,

खणातली तीन पत्रं आणि हे चौथं आता एका पाकिटात घालून साक्षीदार विभागाकडे देतेय. तू कुठल्या देशात आहेस तेसुद्धा ते मला सांगत नाहीत. पत्र आधी त्यांचा माणूस वाचणार, काळं करायचं ते काळं करणार आणि मग तुझ्याकडे. (वाचणाऱ्या साहेब, नमस्कार. आईच्या भागावर कृपया शाई सांडू नका.)

तुझ्या साक्षीनंतर कुणी घराच्या खिडक्या फोडल्या त्या रात्री तुम्हा तिघांना हलवलं, ते बरंच झालं. आई मात्र जायला तयार झाली नाही. "मी काय साक्ष दिली? मी कशाला पळू?" म्हणाली. मी रजा काढून तिच्याकडे आले आणि तेव्हापासून इथेच आहे. काच बसवून घेतली. काच बसवणारा आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "माझ्या मुलाला ताप..." आणि तिथेच थांबली. त्यानंतर ते वाक्य तिने कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तुझ्या नकाशावर त्यांनी खाण खणली. शेड केव्हाच पडलेली, पण तू दाखवलं होतंस तिथेच. बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या तुकडीने उन्हाळाभर काम केलं. सगळ्यांची ओळख पटली नाही, बहुतेकांची पटली. शिंपीणबाईच्या नवऱ्याची पटली. प्रशासकाला शिक्षा झाली, तू बातमीत वाचलं असशील. बँकेने अहवालातून "स्वेच्छेने" हा शब्द मागे घेतला, निवेदन काढून. तुझ्यावर खटला होणार की नाही, ते इथल्या कोर्टाने अजून ठरवलेलं नाही. मी विचारलं त्या वकीलबाई म्हणतात, तू स्वतः आलास हे धरलं जाईल. धरलं तरी पूर्ण माफ होईल असं नाही. तुला खोटी आशा दाखवायला मी हे लिहीत नाही.

परवा त्या सगळ्यांना निरोप दिला. खाडीच्या पलीकडे, नव्या वस्तीच्या मैदानात. बाहेर बंदराच्या क्रेन चालूच होत्या. पेट्या रांगेने ठेवलेल्या, प्रत्येकीवर नाव, काहींवर नुसताच आकडा. मी घरात चप्पल घालत होते, तर आई काठी घेऊन दारात उभी.

"तू कुठे?" मी विचारलं.

"तू जातेस तिथेच."

"आई, तुला तिथे सगळे ओळखतात. टीव्हीवर तुझंही नाव आलंय. कुणी काही बोललं तर?"

"बोलू दे की. त्यांनी नाही तर कुणी बोलायचं?"

तिचे गुडघे तुला माहीत आहेत. भाजीवाल्यापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकते. मैदानात आम्ही शेवटी उभ्या राहिलो. माणसं वळून बघत होती. एक म्हातारा आला, आईच्या समोर उभा राहिला, थुंकल्यासारखं करून जमिनीकडे बघत परत गेला. आईने पदरसुद्धा सावरला नाही. बसायला खुर्च्या होत्या, पण त्या घरच्यांसाठी होत्या.

मग शिंपीणबाईने पाहिलं. ती पहिल्या रांगेत होती. उठली, सगळ्यांमधून वाट काढत मागे आली. मला वाटलं, आता ही म्हणेल, निघा इथून. मी आईचा दंड धरला. आईने माझा हात सोडवला.

शिंपीणबाई आईकडे बघत राहिली. आईही तिच्याकडे. दोघींपैकी कुणी रडलं नाही.

"तुम्ही त्याच्या आई," ती म्हणाली.

"हो."

"ताप होता म्हणालात."

"म्हणाले."

"का?"

"तो माझा होता म्हणून."

शिंपीणबाईने मान हलवली. समजलं अशी, की असू दे अशी, मला कळलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उलगडून सांगत आले आणि ती एक मान मला उलगडता आली नाही. मग ती म्हणाली, "माझाही माझा होता," आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसली. तिने आईला खुर्ची दिली नाही. जा असंही म्हणाली नाही.

आई शेवटपर्यंत उभी राहिली. एकेक नाव वाचून दाखवत होते, आकडे असलेल्यांच्या वेळी नुसते थांबत होते. ऊन वर आलं. काठीवरचा तिचा हात पांढरा पडला होता. मी दोनदा म्हटलं, आई, चल आता. तिने ऐकलंच नाही. शेवटची पेटी जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

घरी आल्यावर मी तिचे पाय गरम पाण्यात ठेवले. घोटे सुजून भाकरीसारखे झाले होते. डोळे मिटून बसली होती, मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "त्याला पत्र लिहितेस ना?"

"लिहिते."

"मग लिही, आई गेली होती."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच. आई गेली होती."

ताई